मेथी घातलेली गौर

आमच्या घराच्या वाटण्या झाल्या त्या दिवशी पंचांनी सगळं शहाणपणानं केलं, एक गोष्ट सोडून. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावल्या, बैल वाटले. गुऱ्हाळाचा चरक आमच्याकडे दिला आणि रस आटवायची काहील थोरल्या दिरांकडे, म्हणजे गूळ करायचा तर दोघा भावांनी एकत्र यायलाच हवं. ही युक्ती मला तेव्हाही आवडली होती. मग शेवटी माजघरातली लाकडी पेटी बाहेर आली. तिच्यात जुन्या लुगड्यात गुंडाळलेले गौरींचे दोन मुखवटे होते. जेवायची वेळ टळून गेली होती आणि पंच कंटाळले होते. त्यातले एक म्हणाले, "दोन भाऊ, दोन गौरी. थोरल्याला थोरली, धाकट्याला धाकटी. ह्यात इचारायचं काय?"

सगळ्यांनी माना हलवल्या. बायकांना कोणी विचारलं नाही. गौरी या बहिणी. वर्षातून एकदा माहेरी येतात त्या जोडीनं येतात, जोडीनं जेवतात आणि जोडीनं जातात. बहिणींची अशी ताटातूट करून एकीला भिंतीच्या या बाजूला आणि दुसरीला त्या बाजूला बसवायचं, हे उपाशी पुरुषांच्याच डोक्यातून निघू शकतं.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठी. सगळा ऊसपट्टा. माझे मालक पलटणीत होते. लढाई संपली आणि ते घरी आले, आणि वर्षाच्या आत दोघा भावांचं बांधावरच्या एका आंब्यावरून बिनसलं. आंबा निमित्त होता. खरं म्हणजे एक भाऊ इतकी वर्षं मुलूख बघून आला होता आणि दुसऱ्यानं तेवढी वर्षं एकट्यानं पाणी पाजलं होतं. दोघांनाही वाटत होतं की आपलंच जास्त झालं. थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी आक्का म्हणत असे, त्यांनी मात्र सगळा दोष माझ्या पदरात टाकला. मला ऐकू जाईल अशा बेतानं त्या विहिरीवर म्हणाल्या, "सांगलीची आली आन् घर फुटलं." मीही गप्प बसणाऱ्यातली नव्हे. म्हटलं, "फुटायला आधी पक्कं असाया लागतंय, आक्का." त्यानंतर अंगणात भिंत उठली, आणि आमचं बोलणं बंद झालं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. आमच्या दोन चुली एकाच भिंतीला पाठ लावून होत्या, एवढाच फरक.

वाटणीनंतरच्या पहिल्या भाद्रपदात मी धाकटीला एकटीच उभी केली. शेजारी थोरलीच्या जागी तांब्या ठेवून त्याला हळदीकुंकू वाहिलं. गावातल्या बायका गौर बघायला आल्या. एकदा तांब्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि सुपारी घेऊन गेल्या. कोणी काही बोललं असतं तर मी उत्तर दिलं असतं. न बोलणाऱ्या बायकांना काय उत्तर देणार? धाकटीचं तोंडही मला त्या वर्षी उतरलेलं दिसलं. ती जरा हसऱ्या ओठांची आहे, हनुवटी निमुळती, थोरलीकडे बघून काहीतरी बोलणार आहे अशी. तांब्याशी ती काय बोलणार? मला फार वाईट वाटलं. मग वाईट वाटण्याचा राग आला आणि मी मनाशी ठरवलं, पुढच्या भाद्रपदात माझ्या घरात दोघी उभ्या राहतील.

मालक म्हणाले, सांगलीच्या बाजारातून आणू की एक. मी माहेरी गेले तेव्हा बघून आले. गोरे गुलाबी गाल, पेन्सिलीनं ओढलेल्या भुवया, डोळे असे की गौर नव्हे, नाटकातली बाई सजून बसली आहे. पुरणपोळी वाढायला हातच झाला नसता. आमच्या घरच्या गौरी साध्या होत्या. आजेसासूबाईंच्या माहेरून आलेल्या, शाडूच्या, वर पिवळसर रोगण. त्यांची तोंडं बघत घरातल्या सगळ्या सुना नांदल्या होत्या. म्हणून मी ठरवलं, मुखवटा घरीच करायचा. साच्यातून काढायचा.

हे मी कशाच्या जोरावर ठरवलं ते सांगते. माझे वडील शेती सोडून सांगलीत गेले आणि त्यांनी साखरेच्या गाठींची भट्टी घातली. होळी-पाडव्याला लागतात त्या गाठी, संक्रांतीचे साखरेचे हत्ती-घोडे. माझं सगळं लहानपण सागवानी साचे धुण्यात गेलं. साचा आधी पाण्यात भिजवून ठेवायचा, म्हणजे पाक चिकटत नाही. पाक कोणता कच्चा, कोणता पक्का, साचा कधी उघडायचा, हे मला बोलता येण्याआधी कळत होतं. तेव्हा साचा आणि ओतीव काम यातलं मला कोणी शिकवावं असं काही उरलेलं नाही, असा माझा समज होता. समज पक्का होता, आणि निम्मा खराही होता.

आधी साचा कशाचा करायचा? मी नदीकाठच्या मळीची काळी माती घेऊन एका तांब्यावर लिंपून बघितली. वाळताना तिला अशा भेगा पडल्या की तांब्या आतून डोकावू लागला. कुंभाराची माती बरी, पण ती सुकताना आकसते, मग तोंड बारकं होणार. मेण चांगलं, पण तेवढं मेण आणायचं कुठून, आणि गरम मेण जुन्या रोगणावर ओतायची माझी छाती नव्हती. मग मालकांनीच सुचवलं. पलटणीत असताना त्यांचा हात मोडला होता आणि दवाखान्यात त्याला प्लॅस्टर घातलं होतं. म्हणाले, "घालताना गार लागतंय. मग आपसूक ऊन ऊन हुतंय, आन् घट झालं की हातावरच्या केसासकट ठसा उमटतोय. काढताना बघितलं म्या."

प्लॅस्टर सांगलीत मिळालं. रंग-रोगण विकणाऱ्या एका जैन शेटजींच्या दुकानात ते पोत्यात पडलेलं होतं. त्यांनी मला आधीच बजावलं की पावसाळ्यात दमट झालेलं प्लॅस्टर मेलेलं असतं. थोडं पाण्यात कालवून तळहातावर धरायचं, ऊन लागलं तर जिवंत. मी दुकानातच कालवून धरलं. ऊन लागलं. ते घेऊन मी परत सासरी आले.

धाकटीचा साचा मी पहिल्या झटक्यात काढला, आणि हे मी अभिमानानं सांगते. आमचे मुखवटे म्हणजे नुसता पुढचा चेहरा, कानापर्यंत, मागून पोकळ. म्हणजे साचा एकाच तुकड्यात निघतो. नाकपुड्यांत आणि नथीच्या भोकात मेणबत्तीचं मेण दाबलं, नाहीतर प्लॅस्टर तिथं शिरून अडकून बसलं असतं. चेहऱ्याला साबणाचा दाट फेस दोनदा लावून वाळवला आणि वरून शेंगतेलाचं बोट फिरवलं. करडईचं तेल चालत नाही, ते सुकून चिकट होतं. हे भट्टीवर शिकलेलं इथं उपयोगी पडलं. भोवती कणकेचा बांध घातला, प्लॅस्टर ओतलं, ते तापून निवू दिलं आणि उचललं. आत धाकटी उलटी उमटली होती, ओठांच्या कोपऱ्यातल्या हसण्यासकट. मूळ मुखवट्याला ओरखडा नाही. मालक बराच वेळ साच्यात बघत राहिले.

इथवर सगळं ठीक होतं. पुढं माझ्यातली साखर जागी झाली.

साच्यातून मुखवटा कशाचा काढायचा? नुसतं प्लॅस्टर ठिसूळ. नथीचं वजन पडलं की नाक जायचं; नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते खरंच होऊन बसायचं. त्याला चिवटपणा हवा. आमच्या भागातल्या विहिरी ज्या चुन्यानं बांधल्या आहेत त्यात गवंडी गुळाचं पाणी घालत. ती बांधकामं आमच्या सात पिढ्यांनी हलताना बघितली नाहीत. घरात काकवीचे हंडे भरलेले. मी प्लॅस्टर निम्मं पाण्यात आणि निम्मं काकवीत कालवलं. उसाच्या गावातल्या आणि गाठीच्या भट्टीवर वाढलेल्या बाईशिवाय हे कोणाला सुचलं नसतं.

ते घट्ट होईना. मालकांनी हात लावून बघितला आणि म्हणाले, "ऊन न्हाई लागत." मी म्हटलं, लागेल. श्रावण होता, बाहेर झड लागलेली. साचा तसाच ओट्यावर ठेवला. कधीतरी ते आवळलं, तेव्हा मी काढलं. रंग हळद लागलेल्या नवरीचा. बोट दाबलं तर किंचित आत जात होतं. पण चेहरा हुबेहूब धाकटी.

आणि तिथंच अडचण होती. मला धाकटी नको होती, थोरली हवी होती. माझा बेत असा की धाकटीच्याच चेहऱ्यावर गाल भरायचे, हनुवटी रुंद करायची आणि थोरली करायची. तसंच नवं मिश्रण कालवून बसले. एक गाल भरला. मग थोरलीच्या हनुवटीवरचा तीळ आठवला. तो डावीकडे की उजवीकडे? मी डोळे मिटले. आठवेना. ओठ मिटलेले होते की दात दिसत होते? आठवेना. नांदायला आल्यापासून मी तिला दरवर्षी बघत आले होते आणि मला तिचं तोंड आठवत नव्हतं.

कारणही लगेच कळलं. आमच्या घरची रीतच तशी होती. थोरली गौर थोरल्या सुनेनं सजवायची आणि धाकटी धाकटीनं. मी आणि आक्का शेजारी शेजारी बसायचो, पण माझी मान माझ्या गौरीवर आणि त्यांची त्यांच्या. माझ्या बोटांना धाकटीचा प्रत्येक चढउतार पाठ होता. थोरली फक्त आक्कांना ठाऊक होती.

मालक येऊन बघून गेले. ते अर्धवट गाल भरलेलं पिवळं तोंड बघून म्हणाले, "ही धाकटीचीच जुळी. दाढ सुजलेली." जे म्हणायचं ते त्यांनी नंतर हळूच म्हटलं, "वैनीस्नी इचार की." मी म्हटलं, तुम्ही आधी भावाला विचारा आंब्याचं. ते बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर गेले तर गौर काळी झाली होती. मुंगळे. डोळ्यांत, ओठांवर, भरलेल्या गालावर, सगळीकडे. एक रांग ओट्यावरून उतरून अंगण ओलांडून भिंतीवर चढली होती आणि पलीकडे गेली होती. जाताना प्रत्येकाच्या तोंडात कण. मालक दारात उभे राहून म्हणाले, "गुळाचा गणपती, गुळाचाच निवद." मी केरसुणी उचलली, मुंगळ्यांसाठी की त्यांच्यासाठी ते ठरलं नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. वाटणीनंतर पहिल्यांदा.

"कोण हाय गं तिकडं? मुंगळं कशापायी सोडल्यात माझ्या घरात?"

मी म्हटलं, "सोडलं न्हाईत. गौर खायाला आल्यात."

मग आक्का भिंतीला वळसा घालून, समोरच्या दारानं, आमच्या अंगणात आल्या. वर्षभरात त्यांचे केस कानाशी पिकले होते. भिंतीपलीकडे रोज त्यांचा खोकला ऐकत होते, पण केस पिकलेले मला माहीत नव्हते. त्यांनी ओट्यावरचं ते तोंड बघितलं, कपाळाला हात लावला आणि पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, रडतात. त्या हसत होत्या. हसता हसता ओट्यावर बसल्या.

"काय घातलंस गं हिच्यात?"

"काकवी."

"देवा." डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आन् ही कोण म्हणायची?"

"थोरली करत हुते."

त्यांचं हसणं थांबलं. त्या ओट्यावरच्या तोंडाकडे निरखून बघत राहिल्या. मग बोटानं हनुवटीवरचे मुंगळे झटकून एका जागी नख टेकवलं. "तीळ हितं. डाव्या अंगाला. आन् गाल एवडा न्हाई तिचा." थोरलीचं तोंड त्यांना पाठ होतं, आणि मूळ मुखवटाही त्यांच्याच घरात होता. माझ्या मनात काय होतं ते मी सरळ बोलून टाकलं. मला आडवळण जमत नाही. म्हटलं, "आक्का, माज्या घरात तांब्या उभा ऱ्हातोय. तुमच्या घरात काय उभं करता?"

त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, "कलश. नारळाला डोळं काढलं हुतं गेल्या वर्षी."

तर त्यांच्याकडेही तेच. मी तिथल्या तिथं थोरली मागितली, साचा काढायला. त्या ताडकन उठल्या. "न्हाई. चिरली तर? आजेसासूची गौर हाय ती. माज्या हातानं तडा गेला तर कुनाला तोंड दावू?" मी धाकटीचा साचा आणून दाखवला, मूळ धाकटीही दाखवली, ओरखडा नाही ते दाखवलं. त्यांनी धाकटीला हातात घेतलं. वर्षाच्या अंतरानं घेतलं होतं, ते त्यांच्या हातावरून कळत होतं. तरी त्या म्हणाल्या, "आदी दुसऱ्या कशावर तरी करून दाव. माज्या म्होरं."

मी त्यांच्यासमोर वांग्याचा साचा काढला. देठासकट, काट्यांसकट. त्यांनी साच्यावरून बोट फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी थोरलीला घेऊन आल्या, स्वतःच्या लुगड्याच्या पदरात, मूल आणावं तशी. अट एकच: तिच्या तोंडाला हात त्याच लावणार. मी फक्त सांगायचं.

मेण त्यांनी दाबलं, साबण त्यांनी लावला, तेलाचं बोट त्यांनी फिरवलं. मी नुसती बाजूला बसून सांगत होते, आणि माझ्यासारखीला नुसतं सांगत बसणं किती जड जातं ते माझ्या घरच्यांना विचारा. ओतताना तेवढं मी ओतलं. थोरलीचं तोंड पांढऱ्याखाली बुडालं तेव्हा आक्कांनी डोळे मिटून घेतले. मग हळूच तळहात वर ठेवला. ठेवला तो काढलाच नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ताप आलाय गं हिला."

"येतोय. मग उतरतोय. उतरला की झालं."

ताप उतरेपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो. मधून मधून त्या मान उचलून माझ्याकडे बघायच्या आणि मी मान हलवून अजून नाही म्हणायचे. बाहेर पाऊस लागला होता.

साचा उचलताना तो हलला नाही. धाकटीचा अलगद आला होता. थोरलीचं नाक जरा उचललेलं, तिथं धरून बसला होता. मी आयुष्यात क्वचित घाबरले आहे, तेव्हा घाबरले. ती चिरली असती तर ही भिंत दोन्ही घरांच्या आढ्यापर्यंत गेली असती आणि पुन्हा कधी उतरली नसती. मी म्हटलं, ओढू नका, थांबा. कोमट पाण्यात फडकं भिजवून साच्याच्या कडेवर ठेवलं, दुसरं ठेवलं, कडेकडेनं तळव्यानं थापटलं. वडील असंच करत, साच्यात हत्तीची सोंड अडली की. आतून बारीकसा आवाज आला, टाळूवरून जीभ सुटल्यासारखा, आणि साचा आक्कांच्या हातात आला.

नाकाच्या शेंड्यावरचं कणभर रोगण गेलं होतं. बाकी सगळी थोरली जशीच्या तशी. आक्कांनी त्या कणभर जागेवर थुंकीचं बोट लावून बघितलं आणि म्हणाल्या, "नथीखाली झाकतंय."

मग पुन्हा तोच सवाल: साच्यात घालायचं काय? काकवीचं नाव मी काढणार नव्हते. पण मुखवटा नुसत्या प्लॅस्टरचा करायला आक्का तयार नव्हत्या. "गौर मातीचीच. हाडं जोडायच्या पांढऱ्याची नगं." शाडू होताच, सांगलीहून गणपतीसाठी आणलेला. नुसता शाडू पातळ दाबला की मोडतो, जाड दाबला की जड होतो. त्याला काय मिसळायचं, हे मी विचारत होते आणि आक्का माझ्याकडे अशा बघत होत्या की मी चुलीसमोर बसून आग कुठे आहे विचारते आहे.

"टोपली कशानं लिंपतीस?"

धान्याची टोपली. कागद भिजवून कुटायचा, त्यात मेथी वाटून घालायची, तो लगदा टोपलीला लिंपायचा. वाळला की हलका आणि दगडासारखा. आमच्या गावातली प्रत्येक बाई हे उन्हाळ्यात करते. मीही करत होते. टोपली आणि गौर यांची मी मनात कधी गाठच घातली नव्हती. मला साचा दिसला की पाक आठवायचा.

"आन् मेथी कडू," आक्का म्हणाल्या, "मुंगळा फिरकायचा न्हाई." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

मालकांनी पलटणीतून आणलेले लढाईच्या बातम्यांचे कागद पेटीत होते, ते भिजत घातले. मालक जरा हळहळले. मी म्हटलं, लढाई संपली. कुटलेला लगदा, वाटलेली मेथी, शाडू, सगळं आक्कांनी परातीत भाकरीच्या पिठासारखं मळलं, पुरेसं झालं की नाही ते आपल्याच हाताला विचारून. मग वाटून घेतलं. थोरलीचा साचा त्यांच्या मांडीवर, धाकटीचा माझ्या. माझ्या घरात थोरली हवी होती, ती त्यांनी दाबली. त्यांच्या घरात धाकटी हवी होती, ती मी दाबली. ज्या तोंडाला जो हात सवयीचा, त्यानं ते करावं, हे न बोलता ठरलं.

दाबायचं म्हणजे लगद्याचा गोळा साच्यात घालून अंगठ्यानं कोपऱ्याकोपऱ्यात सरकवायचा. नाकात, ओठांत, हनुवटीच्या खळगीत. प्लॅस्टर पाणी शोषून घेतं, माती किंचित आकसते आणि आपणहून सुटते. तेल-साबणाचं काम नाही. ओतीव काम असतं तर आतली बाजूही गुळगुळीत आली असती. हे आतून अंगठ्यांच्या खड्ड्यांनी भरलेलं राहिलं. मी पाण्याचा हात फिरवून ते बुजवायला निघाले, तर आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आत कोन बघतंय?"

मुखवटे सावलीत वाळले. रोगण मी दिलं, डोळे आक्कांनी काढले, कारण माझा हात डोळ्यांशी कापतो आणि त्यांचा कापत नसे. वाळताना मुखवटे जुन्यांपेक्षा बारीकसे झाले. शेजारी ठेवल्यावरच कळतं. त्या भाद्रपदात दोन्ही घरांत दोघी उभ्या राहिल्या. बायका आल्या. आमच्याकडे बघून पलीकडे गेल्या, पलीकडे बघून परत आमच्याकडे आल्या, कोणती जुनी कोणती नवी ते ओळखायला. एकीनं विचारलं, हे केलं कोणी? मी "मी" म्हणायला तोंड उघडलं होतं. आक्का भिंतीपलीकडून म्हणाल्या, "आमी."

भिंत तशीच राहिली, पण त्यात पुढच्या उन्हाळ्यात दार पडलं. भावांचं आंब्याचं मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही. आंबे आम्ही दोघी उतरवून घ्यायचो आणि ते दोघे आपापल्या घरात खायचे.

आता आक्का नाहीत. माझ्या सुनेला गौरी मांडायचा मोठा उत्साह. गेल्या खेपेस तिनं थोरलीला उलटी धरली आणि म्हणाली, "आत्याबाई, आत किती खडबडीत आहे हे. रंगारी भरतात ती लांबी भरून गुळगुळीत करून घेऊ का? कापड नीट बसेल." मी तिच्या हातातून मुखवटा घेतला आणि नको म्हटलं. तिला कारण सांगायला बसले असते तर पुरण करपलं असतं. म्हटलं, तू पुरण बघ, ही मी भरते.

मुखवटा उभा करायच्या आधी आतून कापड भरावं लागतं. ते काम मी कोणाला देत नाही. कापड घालायच्या आधी मी हनुवटीच्या आतल्या बाजूला, जिथं लगदा सगळ्यात जास्त दाबावा लागतो, तिथल्या आक्कांच्या अंगठ्याच्या खड्ड्यात माझा अंगठा टेकवते. मुखवटा वाळून आकसला तरी तो खड्डा अजून मला मोठा होतो.